चतुरांच्या मागावर

आज दिवसभर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात होतो. बाकी सगळे दुर्बिणी लावून पक्ष्यांकडे, आम्ही मात्र चिखलात माना खाली घालून चतुर आणि टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) मोजतोय. "मासे धरताय का?" एका काकांनी विचारलंच!

खरी मजा आली पाणकणसाच्या एका दांड्यावर. चतुराची रिकामी कात चिकटलेली, म्हणजे अळी पाण्यातून वर चढून चतुर होताना मागे टाकते ते कवच. पाठीवर उभी चीर आणि त्यातून पांढरे बारीक धागे लोंबताहेत. ते श्वासनलिकांचं अस्तर, कातीबरोबर तेही बाहेर येतं. मला तर उडत्या चतुरापेक्षा ही कात जास्त मोलाची वाटते. उडणारा कुठूनही आलेला असेल. कात सापडली की त्याची अळी इथल्याच पाण्यात वाढली हे पक्कं.

गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. नाव झालं ते पक्ष्यांमुळे, कीटकांना विचारतो कोण! काठावरचं गवत-पाणकणीस 'साफसफाई' म्हणून सरसकट उपटलं, तर या अळ्यांनी बाहेर पडताना चढायचं कशावर?

पुढच्या वेळी कोणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. गमबूट आणा, चपला चिखल गिळतो.