येणे रुपये तीन

अमृतमहोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा मी धर्मग्रामाच्या कार्यालयात लग्नाच्या नोंदी लिहीत बसलो होतो. "फादर, शाळेविषयी चार शब्द लिहून द्या." माझ्यासाठी शाळा म्हणजे बाई. मैदान, गॅदरिंग, घंटा, सहली यांवर इतर मंडळी लिहितीलच. मला मराठीच्या बाईंचं ऋण मान्य करायचं आहे, आणि त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. ती माझी स्वतःची आहे, म्हणूनच सांगता येते. कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांच्या कबुलीत, ऐकलेलं शब्दानं तर नाहीच, खुणेनंही बाहेर जाऊ देण्याची मुभा धर्मगुरूला नसते.

१९८० साली मी सातवीत होतो आणि वर्गाची संचयिका बाईंकडे होती. शनिवारी मुलं पंचवीस-पन्नास पैसे आणायची, बाई पासबुकात लाल शाईनं आकडा टाकायच्या. मग पैशांचा निळा पत्र्याचा डबा ऑफिसात पोचवायचा, हे काम माझं. डब्याला नुसती कडी होती, कुलूप ऑफिसातल्या कपाटाला. मधे फक्त व्हरांडा. कार्तिकातल्या एका शनिवारी त्या व्हरांड्यात मी डब्यातून तीन रुपये काढले.

निर्मळची जत्रा लागली होती. आमच्याकडे या जत्रेला हिंदू कोण, ख्रिस्ती कोण, हे कुणी विचारत नाही. सगळी वसई लोटते. मी आकाशपाळण्यात दोनदा बसलो, पोटभर खाल्लं आणि एक पत्र्याची शिट्टी घेतली. ती शिट्टी घरात कधी वाजवता आली नाही. आय विचारेल, कुठून आणलीस?

पुढच्या शनिवारी संध्याकाळी देवळात कन्फेशनला गेलो. आयला उलट बोललो, मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, लक्ष नव्हतं, धाकट्याला मारलं, सगळं सांगितलं. तीन रुपये तेवढे सांगितले नाहीत.

महिनाअखेरीला बाईंनी शाळा सुटल्यावर मला थांबवलं. डबा टेबलावर पालथा केला आणि म्हणाल्या, "मोज." मी मोजले. "परत मोज." परत मोजले. दुसऱ्यांदा मोजताना नाण्यांना घाम लागून ती बोटांना चिकटत होती. बाई वहीत बघत होत्या, माझ्याकडे नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी नक्की खोटं बोललो असतो. त्यांनी काहीच विचारलं नाही. बाहेर शिपायानं खिडक्या लावायला घेतल्या. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "बाई, मी घेतले."

"किती?"

"तीन."

त्या ओरडल्या नाहीत, घरी चिठ्ठी पाठवली नाही. पण स्वतःच्या पर्समधून तीन रुपये काढून हिशेब मिटवूनही टाकला नाही, आणि मला तर तीच आशा होती. त्यांनी वहीत लिहिलं, "येणे रुपये ३". नाव लिहिलं नाही. मग म्हणाल्या, "दर शनिवारी आठ आणे. स्वतः कमवून. आईकडे मागायचे नाहीत."

सहा शनिवार मी पहाटे शेजारच्या वाडीत मेथीच्या आणि मुळ्याच्या जुड्या बांधल्या. दवानं भिजलेल्या भाजीनं बोटं बधिर व्हायची. सहाव्या शनिवारी बाईंनी त्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली.

पण मला खरी आठवते ती पहिल्याच शनिवारची गोष्ट. आठ आणे दिले, वाटलं आता डबा दुसऱ्या कुणाकडे जाणार. बाईंनी कडी लावली, डबा उचलला आणि माझ्याच हातात दिला. "जा, ऑफिसात ठेवून ये." तोच व्हरांडा. त्या संध्याकाळी मी पुन्हा देवळात गेलो आणि राहिलेलं पाप सांगितलं.

पुढे गोरेगावच्या सेमिनरीत, जिथे धर्मगुरू घडवतात, आम्हाला प्रायश्चित्त संस्काराचे भाग शिकवले: पश्चात्ताप, पापनिवेदन, भरपाई आणि धर्मगुरूनं उच्चारलेली क्षमा. वर्गात ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर निळा डबा होता. बाई ख्रिस्ती नव्हत्या. त्यांनी मला संस्कार दिला असं मी म्हणणार नाही, तो चर्चमध्येच मिळाला. पण त्या संस्कारात काय घडतं ते मला कळलं बाईंच्या टेबलापाशी. स्नानसंस्काराला पाणी लागतं, दृढीकरणाला तेल, मिस्सेला गव्हाची भाकर आणि द्राक्षारस. प्रायश्चित्ताला बाहेरून काहीच आणावं लागत नाही. माणसानं आपलं तोंड उघडायचं, एवढंच. म्हणून तो सगळ्यांना जड जातो.

भरपाईचंही तसंच. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं येशूला घरी घेतलं आणि लुबाडलेलं चौपट परत देईन म्हणाला, ते कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मी उपवासकाळात प्रवचनात दरवर्षी सांगतो: तीन नमो मरिया जरूर म्हणा, पण वाडीच्या बांधावरून भावाशी अबोला असेल तर आधी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. कामाला येणाऱ्या बाईचे पैसे थकले असतील तर आजच द्या. आणि ज्याला क्षमा केली, त्याच्या हातात पुन्हा काहीतरी सोपवा. नुसतं "जाऊ दे" म्हटल्यानं माणूस उभा राहत नाही.

१९९६ साली माझी गुरुदीक्षा झाली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हायला तेव्हा दोन वर्षं होती. दीक्षेच्या वेळी बिशप नव्या धर्मगुरूच्या तळहातांना तेल लावतात, आणि मिस्सा संपल्यावर लोक रांगेनं येऊन त्या तळहातांचं चुंबन घेतात. रांगेत बाई होत्या. त्यांनी माझे हात आपल्या हातात घेतले, उलटे-सुलटे करून पाहिले, प्रार्थनेनंतर नखं तपासायच्या अगदी तसे. "छान," म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. मागे रांग मोठी होती. निवांत भेटू तेव्हा सगळं बोलू, असं मी ठरवलं.

परवा शाळेत जाऊन आलो. संचयिका केव्हाच बंद झाली. मराठी माध्यमाची एकेकच तुकडी उरली आहे, हे पाहून पोटात तुटलं. ज्या वाडीत मी जुड्या बांधल्या तिथे सात मजली इमारत आहे. व्हरांडा मात्र तोच आहे. मी तो एकदा चालून पाहिला.

बाई गेल्या तेव्हा मी दूरच्या धर्मग्रामात होतो, निरोप दोन दिवसांनी मिळाला. भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीला ही गोष्ट सांगितली, थेट निळ्या डब्यापासून. बाई घरी शाळेतलं सगळं सांगायच्या, कुणाचं अक्षर कसं, कोण कविता किती छान म्हणतो, मीसुद्धा त्या गप्पांत असायचो म्हणे. मुलीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फादर, हे आई आमच्याजवळ कधीच बोलली नाही."