हद्दीचा दगड

पहाटे पावणेपाचला मुकादमाचा फोन. "सायेब, वाघजाईच्या खालच्या वळणाला दरड आलीया. दुधाचा टेंपो पल्याड अडाकलाय."

मी या रस्त्याचा पुण्याकडचा अभियंता. रविवार असल्यानं पुण्यात घरी होतो. कापूरहोळला सातारा रस्ता सोडला, भोर ओलांडलं आणि नीरा देवघरच्या पाण्याकडेनं हिर्डोशी गाठली. पुढे वरंधा घाट, आणि धुकं असं की गाडीचं बॉनेटसुद्धा दिसेना. तेव्हा हा साधा राज्यमार्ग होता. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग 965 डीडी म्हणतात. नंबर बदलला, वळणं तीच.

दरड दोन ट्रक माती-दगडांची असेल, फार नव्हे. घोळ वेगळाच होता. ती नेमकी पुणे आणि रायगडच्या हद्दीवर बसली होती. पलीकडचे अभियंते जेसीबी घेऊन उभे होते, पण बकेट वर. "तुमच्या हद्दीतली आहे, साहेब." मी म्हटलं, तुमच्या. दोघांच्याही डिझेलचा हिशेब किलोमीटरवर चालतो, त्यामुळे कोणी हलेना. खरं सांगायचं तर मीही हललो नाही.

ही हद्द तशी जुनीच भांडकुदळ. 1948 साली भोर संस्थान विलीन झालं, तोवर घाटाच्या वर पंत सचिवांचं राज्य आणि खाली इंग्रजांचा कुलाबा जिल्हा. त्याआधी राखण कावळ्या किल्ल्याची. वाघजाईच्या देवळाच्या वर कातळात खोदलेली त्याची टाकी अजून पाणी धरतात. रस्ता काढताना मात्र किल्ल्याचेच दोन भाग झाले.

वाद चालू असताना आमचा मैलकुली, म्हणजे रस्त्याच्या देखभालीचा मजूर, मातीत कुदळ मारत होता. ठण्ण आवाज आला. चिखल पुसला तर घडीव दगड, वर कोरलेलं: कुलाबा. म्हणजे 1981 साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं त्याच्याही आधीचा.

"झालं! सापडली हद्द," पलीकडचे साहेब म्हणाले.

मैलकुलीनं वर कड्याकडे बघितलं. "ह्यो हितला न्हाय. दरडीसंगं आलाय. कुठनं, देवाक ठावं."

दोघंही गप्प. मग त्यांचा जेसीबी सुरू झाला, मागोमाग आमचा. अकराला दुधाचा टेंपो सुटला. निम्मं दूध नासलं होतं, ड्रायव्हर दोन्ही जिल्ह्यांच्या नावानं शिव्या घालत गेला.

दगड परत कुठे रोवायचा हे कोणालाच ठरवता आलं नाही. तो भजीच्या टपरीवाल्यानं नेला. त्यावर त्याचा स्टोव्ह असतो.