पाणी कमी पडतंय म्हणे

ऑफिसांमधली झाडं सांभाळायच्या कामाला लागून मला फार दिवस झाले नव्हते, आणि त्या दिवशी सोबत जुनं माणूस कोणी नव्हतं. मीटिंग रूममधली झाडं पिवळी पडत होती. व्यवस्थापक मॅडमनी निदान आधीच करून ठेवलेलं. "पाणी कमी पडतंय त्यांना. बघा ना, कशा माना टाकल्यात. जरा खतही घाला."

माना टाकल्या होत्या खऱ्या. पीस लिली तर पार आडवी झाली होती. पण कुंडीत बोट खुपसलं, तर वरचा थर कोरडा आणि दुसऱ्या पेरापासून खाली गारढोण चिखल. कुंडीत मातीऐवजी भरतात त्या कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, हे असंच असतं. वरून सुकून फिकट दिसतं आणि आत पाणी धरून बसतं. पानं मलूल आणि माती ओली दिसली की खताच्या डब्याला हात लावायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात बजावलेलं होतं. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड पाण्यात उभं असून तहानलेलं. त्यात खत पडलं तर उरलीसुरली मुळंही भाजून निघतात.

कुंडी उचलायला गेले तर हलेना. बाहेर शोभेची सिरॅमिक कुंडी, तिला तळाला भोकच नाही, आणि आत रोपाची प्लास्टिकची कुंडी. आतली ओढून काढली आणि वास सुटला. खाली चार बोटं काळपट पाणी. निरोगी मूळ पांढरट, टणक असतं. ही तपकिरी, बुळबुळीत. एक चिमटीत धरून ओढलं तर वरची साल मोज्यासारखी निघून हातात आली, मधली बारीक शीर तेवढी लोंबत राहिली. मॅडम दोन पावलं मागे सरकल्या.

"पण आम्ही आठवड्यातून एकदाच पाणी घालतो हो!"

खोटं बोलत नव्हत्या. मी कोपऱ्यात सडकी मुळं कापत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या खोलीतली मीटिंग सुटली. सफाईचे दादा आले, टेबलावरच्या अर्ध्या राहिलेल्या बाटल्या गोळा केल्या आणि एकेक करून कुंड्यांत रिकाम्या करू लागले. मी पळतच गेले.

"वाया कशाला घालवायचं ताई?" त्यांचंही बरोबरच होतं. एक बादली ठेवून दिली. म्हटलं, यात ओता.

कपाटावरचं सिंगोनियम मात्र या भानगडीत नव्हतं, तिथवर कुणाचा हातच पोचत नसे. त्याची खालची पानं हिरवीगार, कोवळी पिवळी, आणि त्या पिवळ्यात शिरा हिरव्या. पाणी जास्त झालं की साधारणपणे खालची जुनी पानं आधी जातात. नायट्रोजन कमी पडलं तरी जुनीच, कारण झाड तिथून काढून नव्या पानांना पुरवतं. लोह असं हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडलं की नवी पानं पिवळी. कुंडीच्या काठावर पांढरा क्षार जमला होता, म्हणजे पाणी जड, क्षारांचं. अशा पाण्याने माती अल्कधर्मी होत जाते आणि तिच्यात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं, अगदी कमी मात्रेत दिलं. पुढचं पाणी दादांच्या बादलीतलं. बाटल्या आरओ मशीनवर भरलेल्या होत्या, त्या पाण्यात क्षार फारसे नसतात.

दोन लिल्या वाचण्यातल्या नव्हत्या, त्या टाकल्या. तिसरीची मुळं कापली तशी पानंही निम्मी उतरवली, एवढ्याशा मुळांवर ती पोसली नसती. माती मोकळी राहावी म्हणून पर्लाइटचे हलके पांढरे दाणे मिसळून लहान कुंडीत बसवली. "ही पिवळी पानं परत हिरवी होतील ना?" मॅडमनी विचारलं. नाही होणार म्हटलं, नवं पान कसं येतंय ते बघायचं.

"मग कुंडीत मातीखाली, तळाला खडे घालू या का? आमच्याकडे सगळे घालतात."

सगळे घालतात खरं. पण बारीक मातीतलं पाणी खाली भरड खडे लागले की सहजी उतरत नाही, वरच अडून राहतं. ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. माझ्या मते खड्यांनी कुंडी जड होते, बाकी काही नाही. सिरॅमिकला भोक पाडायला मॅडम तयार नव्हत्या. मग ठरलं की पाणी घालून अर्ध्या तासाने आतली कुंडी उचलायची आणि बाहेरचीत साचलेलं ओतून द्यायचं. हे काम दादांनी घेतलं.