तुम्ही विचारलंत म्हणून : रस्ता मोकळा करण्याबद्दल परमवीर चक्र?

मेजर राम राघोबा राणे यांच्याविषयी बोललो की हा प्रश्न हमखास येतो : त्यांनी शत्रूची चौकी घेतली नाही, ते रस्ता मोकळा करत होते, मग परमवीर चक्र कसं?

एप्रिल १९४८. काश्मीरसाठी पाकिस्तानशी पहिलं युद्ध चालू होतं आणि जम्मूच्या डोंगराळ भागात नौशेऱ्याहून राजौरीकडे भारतीय सैन्य निघालं होतं. डोंगरातला अरुंद रस्ता, त्यात पेरलेले सुरुंग, मध्ये झाडं पाडून घातलेले अडथळे, आणि वरच्या टेकड्यांवर शत्रू. रणगाडे पुढे गेल्याशिवाय राजौरी हाती येणार नव्हती आणि वाट साफ झाल्याशिवाय रणगाडे हलणार नव्हते. हे काम होतं बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करातल्या अभियंता दलाच्या, ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडे. तिचे प्रमुख तेव्हाचे सेकंड लेफ्टनंट राणे, मूळचे कारवारजवळच्या चेंडियाचे.

८ एप्रिलला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांचा मारा झाला. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत राणे स्वतः होते. तरी ते थांबले नाहीत. एका टप्प्यावर तर ते रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरकत राहिले, सुरुंग दिसला की दोरी ओढून चालकाला इशारा देत. १० तारखेला पाइनच्या पाच मोठ्या झाडांचा अडथळा लागला. भोवती सुरुंग, वरून मशिनगनचा मारा. तो दोन तासांत दूर झाला. ११ तारखेला सकाळी सहाला पुन्हा सुरुवात, अकरापर्यंत राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतची वाट खुली, आणि पुढचं काम रात्री दहापर्यंत. दुसऱ्या दिवशी सैन्य राजौरीत पोचलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. गोळीबार सुरू झाला की पायदळाचा जवान आडोसा घेतो, उलट गोळी झाडतो. सुरुंग काढणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. वरून गोळ्या येत असताना जिवाला घाई सुटते, पण सुरुंगापाशी घाई केली की सगळं संपलं. हात सावकाशच चालवावे लागतात. शिवाय हे एका क्षणाच्या आवेशात होत नाही. राणे जखमी अवस्थेत चार दिवस हेच करत होते. मला यापेक्षा अवघड शौर्य माहीत नाही.

आणि हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९४१ मध्ये सुदान-ॲबिसिनिया (आजचा इथिओपिया) सीमेवर बॉम्बे सॅपर्सच्याच सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंग भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली. दोनदा त्यांची गाडी उडाली, कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी काम दुसऱ्याकडे सोपवायला नकार दिला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळाला. दोन वेगळी सरकारं, दोन वेगळी युद्धं. तरी दोन्ही सरकारांनी सर्वोच्च सन्मान दिला तो याच कामाला.