रिकाम्या गाडीचे वजन शून्य

नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात उतरू लागली की त्या भागातल्या वजनकाट्यांना उसंत नसते. नेमक्या त्याच दिवसांत एका काट्यावरचा जुना संगणक बदलण्यात आला आणि लगेच आम्हाला फोन आला. "साहेब, खाली गाडीचं वजन पावतीवर झिरो येऊन राह्यलं, ड्रायव्हर लोकं भांडून राह्यले." काट्याचा प्रोग्राम सी भाषेतला, पूर्वी दुसऱ्याच कोणी लिहिलेला आणि आता फक्त देखभालीसाठी आमच्याकडे आलेला होता, म्हणून गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधून मी थेट कळमना गाठले.

गाडी आधी भरलेली तोलतात, माल उतरवून आली की रिकामी तोलतात आणि दोहोंतला फरक म्हणजे मालाचे वजन. रिकामी गाडी काट्यावर चढली तेव्हा समोरच्या तांबड्या आकड्यांत 3420 किलो स्पष्ट दिसत होते, पावतीवर मात्र शून्य उमटले आणि गाडीचे वजनही संत्र्यांतच जमा झाले. काटेवाल्याने केबल बदलून पाहिली होती, पण दोष केबलचा असता तर अधूनमधून भलतेसलते आकडे आले असते. दर वेळी न चुकता शून्य आले नसते.

मी प्रोग्राममध्ये वजन छापणाऱ्या दोन ओळी घातल्या. काट्याकडून वजन वाचल्याबरोबर 3420 छापले गेले आणि मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जोडणीची तयारी करणारे मायएसक्यूएल_इनिट हे फंक्शन चालून गेल्यावर शून्य. ज्या फंक्शनचा वजनाशी काडीचाही संबंध नाही, तेच वजन पुसत होते.

प्रोग्राम पुन्हा बांधायला घेतला तेव्हा लिंकरच्या, म्हणजे प्रोग्रामला तयार लायब्ररी जोडणाऱ्या साधनाच्या, लांबलचक मजकुरात एक ओळ दिसली, जी संगणक बसवणाऱ्याने बहुधा वाचलीच नव्हती. तिचा आशय असा, की सांगितलेल्या फोल्डरमधली मायएसक्यूएलची लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) या यंत्राशी जुळत नसल्यामुळे ती वगळून पुढे शोधत आहे. ही चूक नव्हे, केवळ सूचना. त्यामुळे बांधणी सुखरूप पार पडत होती.

मेकफाइल, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा याच्या सूचनांची फाइल, लिहिणाऱ्याने खरे तर शहाणपणाचे काम केले होते. लायब्ररीतल्या फंक्शनांचे आणि रचनांचे वर्णन देणाऱ्या हेडर फायली कुठे आहेत आणि कोणती लायब्ररी जोडायची, हे हाताने न लिहिता त्याने ते मायएसक्यूएल_कॉन्फिग या साधनाला विचारले होते. 'सीफ्लॅग्ज' असे विचारले की ते कंपायलरसाठीचे पर्याय छापते आणि 'लिब्ज' विचारले की लिंकरसाठीचे. पण या संगणकावर अशी दोन साधने निघाली: एक नव्या लिनक्सबरोबर आलेले आणि दुसरे 'यूएसआर लोकल'खाली, जुन्या संगणकावरून अख्ख्या फोल्डरसकट उचलून आणलेले. शोधाच्या क्रमात जुने पहिले होते. ते मुळात एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे साधा मजकूर असल्यामुळे 32 बिटांच्या यंत्रावरून 64 बिटांच्या यंत्रावर येऊनही बिनतक्रार चालत होते आणि आपल्या जुन्या फोल्डरचे पत्ते सांगत होते. कंपायलरने तिथली हेडर फाइल घेतली, कारण तोही मजकूरच. लिंकरने मात्र तिथली 32 बिटांची लायब्ररी नाकारली आणि नव्या लिनक्सची लायब्ररी जोडून घेतली. नकाशा एका गावचा आणि सातबारा दुसऱ्या गावचा, असा हा प्रकार होता. सी भाषेत लिंकर फक्त फंक्शनची नावे जुळवतो. त्यांना दिलेल्या रचनांचे, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यांचे, आकार तो पाहत नाही, म्हणून त्याचीही हरकत आली नाही.

या प्रोग्रामात जोडणीची रचना फाइलच्या सुरुवातीलाच जाहीर केलेली होती आणि तिचा पत्ता मायएसक्यूएल_इनिटला दिला जात होता. ते फंक्शन सर्वप्रथम ती सगळी रचना शून्यांनी भरते, आणि तेही स्वतःच्या हिशेबातल्या आकाराएवढी. जुन्या हेडरप्रमाणे राखलेली जागा त्या आकारापेक्षा लहान होती. एनएम या साधनाने प्रोग्राममधल्या चलांचे मेमरीतले पत्ते क्रमाने छापले, तेव्हा रचनेला अगदी खेटून रिकाम्या वजनाचे चल बसलेले दिसले. भरलेल्या गाडीचे वजन डेटाबेसमधून नंतर वाचले जात असल्यामुळे ते बचावत होते. शेजारी दुसरे एखादे निरुपयोगी चल असते, तर हा घोटाळा महिनोन्महिने कोणाच्या लक्षातही आला नसता, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

दुरुस्ती त्यामानाने थोडकी होती. जुने फोल्डर बाजूला काढले, मेकफाइलमध्ये नव्या साधनाचा पूर्ण पत्ता लिहिला आणि मायएसक्यूएल_इनिटला रचनेच्या पत्त्याऐवजी रिकामा पॉइंटर दिला, म्हणजे रचनेसाठी जागा लायब्ररी स्वतःच राखते. शिवाय सुरुवातीलाच एक तपासणी घातली: हेडरमधला आवृत्तीचा क्रमांक आणि चालू लायब्ररीने सांगितलेला क्रमांक वेगळे असतील तर प्रोग्राम पुढे जात नाही, दोन्ही क्रमांक पडद्यावर दाखवून थांबतो. जोडलेल्या लायब्ररी दाखवणारे एलडीडी हे साधन चालवून योग्य लायब्ररी जोडली गेल्याची खात्री केली आणि पुढची गाडी काट्यावर घ्यायला सांगितले. पावतीवर आकडा नीट आला.

चुकलेल्या पावत्यांचे काम त्याहून किचकट ठरले. रिकामे वजन डेटाबेसमध्येही शून्यच नोंदले गेले होते. ज्या गाड्या आवारातच होत्या त्या काट्याच्या मालकाने पुन्हा काट्यावर घेतल्या. निघून गेलेल्यांच्या चालकांना फोन करून आरसीवरचे रिकाम्या गाडीचे वजन विचारून घेतले आणि तात्पुरता हिशेब त्यावर धरला. त्या गाड्या पुढच्या खेपेला येतील तेव्हा प्रत्यक्ष तोलून फरक मिटवायचा, असे अडत्यांशी ठरले.