आधी वाचक, मग छपाई

मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींचीच काढायची, हा रिवाज आमच्या बेळगावातील लहान प्रकाशन व्यवसायात इतकी वर्षे चालत आला की तो तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. हा आकडा वाचकांनी नव्हे, ऑफसेट यंत्राने ठरवला होता. डेमी आकाराचे १६० पानांचे पुस्तक म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म, म्हणजे एकत्र छापले जाणारे पानांचे दहा गट. त्यांच्या प्लेटा (ज्यांवरून छपाई होते ते धातूचे पत्रे) करण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च प्रती तीनशे काढा वा हजार, तेवढाच येतो. समजा अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि प्लेटा मिळून ४०,००० रुपये लागले, तर हजार प्रतींच्या आवृत्तीत हा भार प्रतीमागे ४० रुपये पडतो आणि तीनशेच्या आवृत्तीत तो १३३ रुपयांवर जातो. कागदावर हजारच स्वस्त दिसतात. न खपलेले गठ्ठे बेळगावच्या लांबलेल्या पावसाळ्यात दमट हवेपासून आणि वाळवीपासून सांभाळण्याचा खर्च मात्र या हिशेबात कोणी धरत नाही.

डिजिटल छपाईत प्रतीमागचा दर अधिक असला, तरी प्लेटा नसल्यामुळे शंभर प्रतीही काढता येतात आणि संपल्यावर पुन्हा शंभर काढता येतात. बदल केवळ यंत्रापुरता राहत नाही, कामाचा क्रमच उलटतो. पूर्वी पुस्तक छापून गिऱ्हाईक शोधले जात असे. आता प्रकाशनपूर्व नोंदणीतून अंदाज घेऊन प्रतींची संख्या शेवटी ठरवता येते. (शंभर प्रती छापणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये: १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रती पाठवाव्या लागतात, आणि त्या शंभरांतूनच जातात.)

विक्रीचा हिशेबही नव्याने मांडावा लागतो. २०० रुपयांच्या पुस्तकावर विक्रेत्याला ४० टक्के कमिशन दिले की १२० उरतात, त्यातून छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे २० रुपये लेखकाचे मानधन गेले की १००, आणि तेही प्रती परतीच्या अटीवर ठेवलेल्या असल्यामुळे कित्येक महिन्यांनी हाती येतात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही हे खरे, पण त्याचमुळे कागदावर आणि छपाईवर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही आणि तो कर किमतीतच मुरतो. याउलट वाचकाला थेट पुस्तक पाठवायचे तर टपाल परवडले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये नोंदणीकृत बुकपोस्ट बंद झाल्यावर लहान प्रकाशकांची मोठी अडचण झाली होती. मे २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ज्ञान पोस्ट’ या टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेत ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला कर वगळून २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये पडतात. वर उल्लेखलेले पुस्तक साध्या बांधणीत बहुधा पहिल्याच टप्प्यात बसते. व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी, यूपीआयवर रक्कम आणि टपालाने पुस्तक, एवढी साखळी उभी राहिली की कमिशनचे ८० रुपये टपाल, वेष्टन आणि थोडी सवलत यांत विभागता येतात. यासाठी मागण्यांची वही रोज लिहिणारा माणूस मात्र हवा, आणि आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तोच नसतो.

सीमाभागाला एक सोय अशी आहे की ती पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांनाही सहज लाभत नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी या गावांत सुगी आटोपल्यावर ग्रामीण साहित्य संमेलने भरतात आणि शेतकरी कुटुंबे मंडपात दिवसभर बसून ऐकतात. प्रकाशनाचे वेळापत्रक दिवाळीऐवजी या हंगामाला बांधले, नोंदणी आधीच्या महिन्यांत गावातल्या वाचनालयांमार्फत घेतली आणि प्रती संमेलनातच हाती दिल्या, तर टपालाचाही खर्च वाचतो. भाषणे छापून वाटण्यापेक्षा हे काम अधिक उपयोगाचे आहे, असे माझे मत आहे.

तरुण वाचकांचा प्रश्न याहून अवघड आहे. घरी मराठी बोलणारी, परंतु इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकलेली मुले देवनागरी वाचतात, पण सावकाश वाचतात. त्यांच्यापर्यंत श्राव्य पुस्तक आधी पोहोचेल. स्टोरीटेलसारख्या सेवांवर मराठी पुस्तके २०१७ पासून ऐकायला मिळतात. तेथे जायचे तर हक्कांची कागदपत्रे नीट हवीत, आणि लहान प्रकाशकाचा करार पुष्कळदा तोंडी असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखीच असावे लागते आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून छापील, ई-पुस्तक, श्राव्य आणि अनुवाद हे चारही हक्क करारात वेगवेगळे लिहावेत, तसेच न वापरलेला हक्क लेखकाकडे केव्हा परत जाईल, हेही ठरवावे.

या सगळ्याच्या मुळाशी मजकुराची फाइल आहे. जुनी पुस्तके श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखी दिसावीत यासाठीची सामाईक संकेतपद्धती येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत; तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. रूपांतर करणारी साधने आहेत, परंतु रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात, त्यामुळे रूपांतरानंतर मुद्रितशोधन पुन्हा करावेच लागते. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे पैसे लगेच निघत नाहीत, तरी नवीन यंत्राच्या आधी मी यावर खर्च करेन. मजकूर युनिकोडमध्ये आला की त्याच फाइलवरून मागणीनुसार छपाई होते, ई-पुस्तक निघते, आणि आमच्या भागात महत्त्वाचे म्हणजे एकाच पानावर मराठी आणि कन्नड मजकूर समोरासमोर ठेवता येतो. निपाणी आणि खानापूरकडे दोन्ही भाषा वाचणारी घरे आहेत. त्यांच्यासाठी द्विभाषी बालपुस्तकांची पहिली छपाई शंभर प्रतींचीच काढावी, आणि दुसरीचा आकडा शाळांकडून लेखी मागणी आल्यावर ठरवावा.