भूकंपानंतरचे मजले

भूकंपात कुठल्या घराचं किती नुकसान होईल, हे जुन्या नोंदींवरून शिकून सांगणारं कॉम्प्युटर मॉडेल मी बनवत होते. त्याचे निकाल पहिल्याच फटक्यात इतके छान आले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आली नाही, उलट त्या रात्री मी खुशीत झोपले.

डेटा नेपाळचा. २५ एप्रिल २०१५ ला गोरखाचा ७.८ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. त्यानंतर ११ जिल्ह्यांत घरोघरी जाऊन साडेसात लाखांहून जास्त इमारतींची नोंद झाली आणि ती सर्वांसाठी खुली केली गेली. पाया कसला, भिंती कशाच्या, छप्पर कसलं, घर किती वर्षांचं, आणि नुकसानीची श्रेणी, १ ते ५.

चार दिवसांनी एक ओळ नीट वाचली. भूकंपापूर्वी मजले २. भूकंपानंतर मजले ०. हा शून्य मी मॉडेलला तसाच दिला होता! एकही मजला न उरलेलं घर श्रेणी ५ चं, हे सांगायला मॉडेल कशाला हवं? उंचीच्या रकान्यांचंही तेच. मग मात्र त्या शून्यावरून नजर हलेना. कुणीतरी ढिगाऱ्यासमोर उभं राहून तो लिहिला होता.

भूकंपानंतरचे सगळे रकाने काढले. अचूकता घसरली, पण उरलं ते खरं होतं. सगळ्यात वाईट अवस्था मातीत रचलेल्या दगडी भिंतींची. माती दगडांना धरून ठेवत नाही; आडवा हिसका बसला की भिंतीचे आतले-बाहेरचे पदर सुटतात, भिंत फुगते आणि ढासळते.

दुसरी चूक चाचणीतली. शेजारशेजारची घरं जवळपास सारखीच हादरतात. त्यातलं एक शिकवायला आणि दुसरं तपासायला घेतलं, तर मॉडेल घर नाही, जागा ओळखतं. आता मी एक अख्खा जिल्हा शिकवताना झाकून ठेवते आणि त्यावरच तपासते. गुण कमी पडतात, पडू देत. पुढचा भूकंप मॉडेलने न पाहिलेल्या गावातच येणार आहे.

श्रेणी ३ आणि ४ मधला गोंधळ मात्र सुटलेला नाही. एकाच तडकलेल्या भिंतीपुढे दोन इंजिनिअरांचंही एकमत होईलच असं नाही, आणि दुरुस्त करायचं की पाडून बांधायचं हा प्रश्न नेमका तिथेच अडतो. म्हणून मी आता एकच श्रेणी देत नाही. पाचही श्रेणींच्या शक्यता देते, आणि ३ नि ४ च्या जवळजवळ सारख्या आल्या की त्या घरापुढे लिहिते: माणूस पाठवून पुन्हा पाहा.